भलतीकडे बघायचं

भिंगरीने एक थाप मारली होती आणि ती थाप घरात फक्त आत्याला ठाऊक होती.

झालं असं, की शाळेची सहल विज्ञान केंद्रात गेली होती. दिवसभर मुलांनी बटणं दाबली, चाकं फिरवली, एकमेकांना विजेचे बारीक झटके दिले आणि अंधार पडल्यावर त्यांना गच्चीवर नेऊन मोठ्या दुर्बिणीतून देवयानी दाखवण्यात आली. देवयानी म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी एक दीर्घिका. ताऱ्यांचं गावच्या गाव, आणि इतकं लांब की तिथून निघालेल्या उजेडाला आपल्यापर्यंत यायला पंचवीस लाख वर्षं लागतात. रांगेतलं प्रत्येक मूल दुर्बिणीला डोळा लावायचं आणि "दिसली, दिसली!" म्हणत बाजूला व्हायचं. भिंगरीनेही डोळा लावला. काळं. नुसतं काळं. मागून ढकलाढकली सुरू झाली, तशी तीही "दिसली!" म्हणाली आणि बाजूला झाली. घरी येऊन तिने देवयानीचं असं काही वर्णन केलं, की बाबांचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी मात्र ती आत्याच्या खोलीत आली, दार लोटलं आणि रडायला लागली.

"सगळ्यांना दिसली गं. मलाच नाही. आता आपण सगळे जाऊ, आणि तू बघ. तुझी नजर सगळ्यांत बारीक आहे. तू बघ आणि मला खरंखरं सांग, तिथे काही असतं तरी का?"

आत्याने तिचे डोळे पुसले, नाक पुसलं आणि "बघू" म्हणाली. दुसरं काय म्हणणार? आत्याची स्वतःचीही एक थाप चालू होती, आणि ती तर कुणालाच ठाऊक नव्हती.

आत्या रफूवाली. कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या एका मोठ्या दुकानात, खिडकीजवळच्या खुर्चीवर, तिने उभा जन्म बसून काढला होता. कसरीने खाल्लेले कोट, ठिणगीने जळलेल्या शाली, खिळ्याला अडकून फाटलेल्या विजारी घेऊन लोक यायचे. ती त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे ओढून काढायची आणि भोकावर एकेक धागा खालून-वरून, खालून-वरून असा विणायची, की भोक नेमकं कुठे होतं हे भोक पाडणाऱ्यालासुद्धा सापडू नये. काम झालं की कपडा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "कुठेय, सांगा." गिऱ्हाईक उजेडात धरून, उलटंपालटं करून दमायचं. आत्या तोवर चहा प्यायची. एवढा एकच माज तिने आयुष्यात केला, पण तो मात्र अगदी मन लावून केला.

घरातही तेच. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या तिच्या धाकट्या भावाच्या हातून बारीकसा स्क्रू निसटला, की आत्याला हाक. काच फुटली, की आधी आत्या, मग झाडू. भिंगरीच्या तळपायात कुसळ गेलं, तर ती पायाला हात लावू द्यायची ती फक्त आत्याला.

आणि मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी आत्याला आपल्या खोलीच्या दाराची चौकट मधेच फुगलेली दिसली. आधी तिने सुताराला शिव्या घातल्या. मग फरशीच्या रेघा वाकल्या. मग माणसांची नाकं गेली. जिथे टक लावून बघावं नेमका तिथेच एक मळकट ठिपका, आणि त्याच्या आजूबाजूला सगळं जसंच्या तसं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजलाय आणि तो काही परत येणार नाही. "पण घाबरू नका," ते म्हणाले, "कडा राहतील. पूर्ण अंधार होणार नाही."

आत्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "कडा घेऊन मी काय करू? सुई काय कडेला धरतात?"

तरी ती बोटांच्या अंदाजाने काम करत राहिली. मग एक दिवस एका तपकिरी कोटाची बाही तिने नेहमीसारखी पुढे केली आणि म्हणाली, "कुठेय, सांगा." गिऱ्हाइकाने शोधलंसुद्धा नाही. अंगठा सरळ त्या जागेवर ठेवला. माणूस भला होता, आभार मानून गेला. पण आत्याने सुया डबीत ठेवल्या, डबी पिशवीत ठेवली आणि घरी येऊन जाहीर केलं, की आपली पाठ धरली आहे, आता काही दिवस बसायचं काम बंद.

घराने विश्वास ठेवला, हीच तर पंचाईत झाली. भाऊ मलम घेऊन आला. भावजय गरम पाण्याची पिशवी घेऊन आली. भाऊ पुन्हा बाजारात गेला आणि पाठीला आधार देणारी एक जाडजूड उशी घेऊन आला, आणि आत्या जाईल तिथे ती उशी तिच्या मागोमाग यायला लागली. खरं सांगायचं रोज ठरायचं आणि रोज राहून जायचं. आजवर हे घर तिच्याकडे डोळे मागायला येत होतं. उद्या तिनेच जिना उतरताना कुणाचा तरी हात मागायचा, ही कल्पनाच तिला सोसत नव्हती. आणि आता त्यात या पोरीची देवयानी.

रविवारी सगळे निघाले. भावजय शहरातली बस चालवायची, आणि सुट्टीच्या दिवशी आपण गिअरला हात लावणार नाही असा तिचा नियम होता. त्यामुळे सगळे बसने गेले आणि भावजयीने वाटभर पुढच्या ड्रायव्हरचा उद्धार केला. "बघा, बघा, असा ब्रेक मारतात का? ताई, तुमच्या पाठीला धक्का नाही ना बसला?" ताईंनी नाही म्हटलं. उशी भावाच्या काखेत होती.

विज्ञान केंद्राच्या दारातच एक लांबच लांब तार छतापासून खाली आली होती आणि तिच्या टोकाला एक पितळी गोळा संथपणे झुलत होता. खाली गोलाकार मांडलेले छोटे खुंटे होते. गोळा इकडून तिकडे जायचा, तिकडून इकडे यायचा, आणि बऱ्याच वेळाने एखादा खुंटा अलगद पाडायचा. भावाने पाटी मोठ्याने वाचून दाखवली, कारण पाटी दिसली आणि ती मोठ्याने वाचली नाही असं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. "गोळा आपली दिशा बदलत नाही. त्याच्याखालची जमीन फिरते." मग तो पाटी सोडून सरळ फरशीवर उताणा झोपला, छतातला आकडा कसा बसवलाय ते बघायला.

"बाबा, लोक बघतायत!"

"बघू देत. असं बेअरिंग मी जन्मात पाहिलं नाही."

आत्या मात्र खुंट्यांपाशी थांबली होती. गोळा मधोमध आला की तिच्या ठिपक्यात बुडायचा आणि टोकाला गेला की लख्ख बाहेर यायचा. ती वाट बघत राहिली. एक खुंटा डुगडुगला आणि पडला. म्हणजे एवढ्या वेळात आपण फिरलो, तिच्या मनात आलं. आपण, ही फरशी, तिकिटांची खिडकी, उताणा झोपलेला भाऊ, त्याच्या डोक्याखालची उशी, सगळं मिळून फिरलो आणि कुणाला पत्ता नाही. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. खरं तर आज चिडचिड करायची असं ठरवून ती घरातून निघाली होती.

त्यानंतर भाऊ हरवला. सापडला तो उड्या मारणाऱ्या चेंडूंच्या यंत्रापाशी, एका लहान मुलाशी पाळीवरून भांडताना. भावजयीने सायकल मारून दिवा पेटवला आणि समोरच्या तरुणाला हरवलं. भिंगरी नावाप्रमाणे सगळीकडे होती. आत्याला हाताला धरून ती पुढच्या दालनात घेऊन गेली. तिथे डोळ्यांना फसवणारी चित्रं होती.

या दालनाची आत्याने धास्ती घेतली होती, आणि झालं उलटंच. भिंतीवर एक मोठी पाटी, तिच्यावर काळ्यापांढऱ्या चौकोनांच्या ओळी.

"रेघा कशा दिसतात?" भाऊ विचारायला लागला.

"वाकड्या," भिंगरी म्हणाली.

"वाकड्या," भावजय म्हणाली.

"वाकड्या," आत्या म्हणाली.

भावाने खिशातून पट्टी काढून रेघेला लावली. खिशात पट्टी ठेवणाऱ्यांपैकी तो होता. "एकदम सरळ आहेत! बघा!"

सगळे हसले, आणि आत्या सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसली. कितीतरी महिन्यांनी ती बाकीच्यांसारखी झाली होती. इथे सगळ्यांनाच सरळ ते वाकडं दिसत होतं, आणि त्यात कुणाला दुःख नव्हतं, उलट तिकीट काढून लोक आले होते. ती खुशीत आली. एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत तीच पुढे जायला लागली. हे लहान वाटतं पण मोठं आहे, हे फिरतंय असं वाटतं पण स्थिर आहे. तिची भीड चेपली. शेवटच्या पाटीपाशी ती सगळ्यांच्या आधी पोचली आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "ही तर सगळ्यात भारी! मधे बघा कशी फुगलीय, जशी आतून कुणी फुंकर मारतंय!"

कुणी हसलं नाही.

"ताई," भाऊ म्हणाला, "ही साधी पाटी आहे. नुसत्या चौकटी. ताडून बघायला लावलीय. खाली लिहिलंय तसं."

आत्याने कंबरेवरचे हात काढले. "हो, हो. मी आपली गंमत केली," ती म्हणाली.

"कमाल आहे तुझी," म्हणून भाऊ पुढच्या बटणाकडे गेला आणि भावजय त्याला आवरायला गेली. भिंगरी मात्र तिथेच राहिली. तिने एकदा पाटीकडे बघितलं, एकदा आत्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते आत्याला कळायला मार्ग नव्हता. चेहरा जिथे असायचा तिथे ठिपका होता.

डब्यातले पाव, उकडलेली अंडी आणि संत्री संपवून सगळे घुमटाकडे गेले. आत गोल सभागृह होतं, मागे रेलणाऱ्या खुर्च्या होत्या, वर पांढरं अर्धगोल छत होतं. भावाने आत्याच्या पाठीशी उशी नीट बसवून दिली. मग दिवे मंदावत गेले. आधी संध्याकाळ झाली, क्षितिजाशी शहराचे बारकेसे दिवे लागले, आणि मग निवेदन करणाऱ्या बाईंचा शांत आवाज म्हणाला, "आता आपण शहराचे दिवे घालवू या."

दिवे गेले आणि तारे आले. एक-दोन नाही, धो धो आले. सभागृहातून "हाऽऽ" असा एकच आवाज उठला, आणि त्यात आत्याचाही होता. डोळ्यांच्या कडेपासून कडेपर्यंत, कानांच्या मागेसुद्धा, तारेच तारे. एरवी तिचं बघणं म्हणजे भोक पडलेलं कापड होतं. इथे ते भोक ताऱ्यांच्या मधल्या काळोखात कुठे जिरलं, तिला शोधूनही सापडेना. आकाशाला मध्य नव्हता. कुठेही बघितलं तरी उरलेलं सगळं कडेलाच होतं, आणि कडेचं सगळं तिला दिसत होतं. आकाश सावकाश फिरायला लागलं. मघाशी खुंटे पाडणारी पृथ्वी ती हीच, तिच्या लक्षात आलं, आणि तिने खुर्चीचे हात घट्ट धरले. गालांवरून पाणी कधी ओघळायला लागलं ते तिला कळलं नाही. अंधाराचा हा एक फायदा होता. भिंगरीचा हात चाचपडत आला आणि तिच्या हातात येऊन बसला.

"खरी देवयानी गच्चीवर बघायची हां," भिंगरी कानाशी कुजबुजली. "तू खरं सांगणारेस ना?"

आत्याचा आनंद तिथल्या तिथे आटला. घुमट हा घुमट होता. दुर्बीण म्हणजे पुन्हा एक बारीक भोक, त्याला डोळा लावायचा आणि मधोमध बघायचं. म्हणजे सुईचं नेढंच की. तिथे तिला काळंच दिसणार होतं. "दिसली" म्हणावं, तर ज्या पोरीने तिच्यापाशी येऊन आपली थाप कबूल केली तिलाच थाप मारायची. "नाही दिसली" म्हणावं, तर पोरगी समजणार की तिथे काही नसतंच, लोक उगाच बोलतात. आणि खरं काय ते सांगावं, तर सगळंच सांगावं लागणार होतं.

बाहेर आले तेव्हा हिवाळ्यातला सूर्य मावळून गेला होता. गच्चीवर थंडी होती, अंधार होता, आणि जिन्यापाशी फक्त एक लाल दिवा लावलेला होता. लाल उजेडाने डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नाही, असं दुर्बीण दाखवणाऱ्या मुलीने समजावलं. ही लोकरी टोपीतली मुलगी केंद्रातच काम करत होती आणि थंडीने तिच्या दातांवर दात आपटत असले तरी आवाजातला उत्साह तसूभर कमी नव्हता. दुर्बीण एखाद्या मोठ्या पिंपासारखी होती. तिच्यासमोर रांग लागली होती.

भावाचा नंबर आधी आला. त्याने डोळा लावला, काढला, पुन्हा लावला. "झाकण काढलंय ना?" त्याने अदबीने विचारलं.

"काढलंय," मुलगी म्हणाली. "अजून जरा वेळ बघा."

"मला काही नाही दिसत बुवा." असं तो सरळ सगळ्यांसमोर म्हणाला आणि बाजूला झाला. भिंगरी आश्चर्याने बापाकडे बघतच राहिली. इतकं सोपं असतं हे तिला ठाऊक नव्हतं. भावजयीला काहीतरी दिसल्यासारखं वाटलं, पण तो आपल्याच पापणीचा केस असेल असं ती म्हणाली.

"आत्या, तू," भिंगरी म्हणाली.

आत्या पुढे झाली. तिने ठरवलं होतं. दिसत नाही म्हणायचं, आणि मग इथेच, काय ते सांगून टाकायचं. लोखंडाच्या गार नळीला तिने डोळा लावला. काळं. मधे ठिपका, ठिपक्यात काळं. इतके महिने ती जे करत आली होती तेच तिने सवयीने केलं. भांड्यातलं दूध उतू जातंय का बघायचं, तर भांड्याच्या कानाकडे बघायचं. भिंगरी हसतेय का बघायचं, तर तिच्या खांद्याकडे बघायचं. तसंच तिने नजर हळूच एका बाजूला, भलत्याच ठिकाणी नेऊन ठेवली.

आणि ती आली.

आधी नुसती एक ओल आल्यासारखी वाटली. मग ती लांबट झाली, तिरकी झाली. मधे दाट होती आणि दोन्ही टोकांना विरत विरत इतकी दूरवर गेली होती, की कुठे संपते ते सांगता येईना. तापलेल्या इस्त्रीवर पाण्याचा थेंब पडला की उठते ना, तेवढी वाफ. हा उजेड निघाला तेव्हा सुई नव्हती, कापड नव्हतं, कापड नेसणारं माणूस नव्हतं. तेव्हापासून हा वाटेत होता. आणि एवढी वाट तुडवून तो शेवटी तिच्या डोळ्याच्या त्या कडेवर येऊन टेकला होता, जी कडा घेऊन मी काय करू असं तिने डॉक्टरांना विचारलं होतं. तिला एकदम मोठ्याने ओरडावंसं वाटलं. ओरडली नाही, नजर होती तिथेच ठेवली.

"तिरकी आहे," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "मधे दाट. आणि केवढी लांब आहे गं! एका बाजूची कड जरा ठसठशीत आहे, दुसरीकडे नुसती विरत गेलीय."

टोपीवाली मुलगी पुढे झाली. "तुम्ही आधी बघितलीय का कधी?"

"छे. आज पहिल्यांदा."

"पहिल्या फटक्यात इतकी कुणालाच दिसत नाही हो!" मग ती रांगेकडे वळली. "ऐका सगळे. इथे सरळ बघायचं नाही. डोळ्याचा मधला भाग उजेडात हुशार, पण अंधारात तो आंधळाच. तुमचा, माझा, सगळ्यांचा. अंधुक उजेड पकडतात त्या कडा. तेव्हा मधे बघू नका, जरा बाजूला बघा. या बाईंनी न सांगता तेच केलं असणार."

भिंगरी तोवर आत्याच्या कुशीत घुसून दुर्बिणीपाशी पोचली होती. तिने डोळा लावला आणि पाय आपटला. "नाहीच आहे! आली, आली… गेली! मी बघायला गेले की जाते!"

"जाऊ दे," आत्या तिच्या कानाशी वाकली. "तिच्या मागे जायचं नाही. तू भलतीकडेच बघ. तिथे त्या कडेला एक बारीक तारा आहे ना? त्याच्याकडे बघ आणि तिला विसर. बघायचं एकीकडे, लक्ष दुसरीकडे. मुकाट उभी राहा. ती आपली आपण येऊन बसते."

भिंगरी मुकाट उभी राहिली. भिंगरी मुकाट उभी राहिली ही गोष्टही आकाशातल्या गोष्टीइतकीच दुर्मिळ होती. मग तिच्या खांद्यांतून एक शिरशिरी गेली, ती आत्याच्या हाताला जाणवली.

"आत्या," ती अगदी हळू म्हणाली. "आहे. खरंच आहे."

मग भावाने पुन्हा नंबर लावला, भावजयीनेही लावला. आत्या आणि भिंगरी बाजूला होऊन जिन्याजवळच्या लाल दिव्यापाशी आल्या. भावाचा आवाज गच्चीभर घुमला, "दिसली! ताई, दिसली मला! झाकण काढलेलं होतं!"

भिंगरी हसली नाही. ती आत्यासमोर उभी होती.

"तुला लगेच कसं जमलं?" तिने विचारलं. "आणि त्या पाटीपाशी तू गंमत नव्हती केलीस. हो ना?"

आत्याने आजूबाजूला बघितलं. पळायला जागा नव्हती, आणि नवल म्हणजे पळावंसंही वाटत नव्हतं. जिने आपली थाप तिच्यापाशी येऊन सांगितली होती, तिला हिशेबाने उलट काहीतरी द्यायलाच हवं होतं.

"माझ्या डोळ्यांचं मधलं गेलंय," ती म्हणाली. "उन्हाळ्यापासून. समोर बघितलं की तिथे काही नसतं, म्हणून मी दिवसभर भलतीकडेच बघते. सराव झालाय. पण आता सुई नाही जमायची मला. कधीच. आणि मला फार वाईट वाटतं त्याचं."

"पण तुझी तर पाठ धरलीय ना?"

"पाठ ठणठणीत आहे."

भिंगरी आणखी जवळ आली. मग म्हणाली, "म्हणजे आत्ता मी तुला दिसत नाहीये?"

"वेणी दिसते. कान दिसतात. बूट दिसतात."

"नाक?"

"नाक नाही."

भिंगरीने यावर विचार केला. मग तिने एक पाऊल बाजूला टाकलं. आणखी एक टाकलं. "आता?"

आत्या हलली नाही. ती समोरच्या काळोखाकडेच बघत राहिली. आणि डोळ्याच्या कडेला, लाल उजेडात, पोरीचा अख्खा चेहरा आला. नाकासकट आला. डोळे भरलेले, हनुवटी थरथरणारी, आणि तरी हट्टाने वर केलेली.

"आता आलीस," आत्या म्हणाली. "अगदी सगळी आलीस."

तेवढ्यात भाऊ धावत आला, काखेत उशी, मागून भावजय. तो येऊन थेट आत्याच्या पुढ्यात उभा राहिला आणि देवयानीबद्दल बोलायला त्याने तोंड उघडलं.

"बाबा, समोर नको," भिंगरी म्हणाली. "इकडे ये, माझ्या शेजारी. आई, तू पण."

काही न समजता ती दोघं जाऊन तिच्या शेजारी उभी राहिली. आत्याने नजर वळवली नाही. समोर आकाश होतं, आणि तिला तिघांचेही चेहरे दिसत होते.

"ती उशी ठेव खाली," ती भावाला म्हणाली, "आणि ऐक."